डावा हात खांद्यापर्यंत

१२ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझा कान आणि फोन यांचं भांडण अजून मिटलेलं नाही, असं आमच्या दादाने कळवलं. म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तसंही फोनवर तू फक्त "काय? काय?" म्हणतेस आणि मी ओरडून शेजाऱ्यांना सगळी बातमी देते. त्यापेक्षा हे बरं.

आमच्या हॉस्पिटलात एक गंमत झाली आहे. आम्हा नर्सना आता व्यायाम करावा लागतो. हसू नकोस. गेल्या वर्षात इतक्या जणींच्या कंबरा, माना आणि खांदे धरले की रजेच्या अर्जांनी वरच्या साहेबांची झोप उडाली. हाडांच्या वॉर्डात रुग्णांची हाडं जुळतात आणि आमची निखळतात, असं आम्हीच म्हणायचो. ते आता त्यांनाही पटलं. त्यांनी एक व्यायाम शिकवणारी बाई नेमली. फिजिओथेरपीचं शिकलेली, हसरी, पायात कापडी बूट. येताना हातात प्लास्टिकचा अख्खा मणका घेऊन आली आणि लहान मूल झोपवावं तसा तो टेबलावर ठेवला. आम्ही तिचं नाव कवायतबाई ठेवलं आहे.

सकाळची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, चादरींच्या कपाटापासून वॉर्डाच्या दारापर्यंतचा जो बोळ आहे ना, तिथे सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. पहिल्या दिवशी निम्म्या जणी हसत होत्या आणि निम्म्या रागावल्या होत्या. आमच्यात एक आहे, अंगाने दणकट, जड रुग्ण आला की सगळ्या तिलाच पुढे करतात, म्हणून तिला पैलवान म्हणतात. ती म्हणाली, "दिवसभर माणसं उचलते ती कमी आहेत का? आता स्वतःलाही उचलू?" आणि आमची धाकटी, गेल्या वर्षीच लागलेली पोरगी, ती मात्र इतक्या मनापासून उड्या मारायला लागली की कवायतबाईलाच तिला थांबवावं लागलं.

कवायतबाई रोज येणार नाही, तिला सगळे वॉर्ड आहेत. मग रोज पुढे उभं राहून व्यायाम घ्यायचा कोणी? मेट्रनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मेट्रनबाई म्हणजे तुझ्या हाताखाली शिकलेली ती, जिला तू 'सुतळी' म्हणायचीस. आता सुतळीचा चांगला दोरखंड झाला आहे. म्हणाल्या, "हिने आजवर आजारपणाची एक रजा घेतलेली नाही. हिची पाठ म्हणजे भिंत." मी नको नको म्हणत होते, पण त्यांच्यापुढे कोणाचं चाललंय?

तुझी पाठ कशी आहे ते लिही. "वयाचं आहे" एवढंच लिहू नकोस.

तुझी छकुली
(चाळिशी ओलांडलेली)


२० जानेवारी

छकुले,

वयाचं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या वेळी कामालाच व्यायाम म्हणत. चाळीस खाटांचा वॉर्ड, दोन नर्स आणि मेट्रन तर अशी की भिंतीला टेकलेलं कुणी दिसलं तर भिंतीलाही ओरडायची. तेव्हा कुणी प्लास्टिकचा मणका आणून दाखवला असता, तर आम्ही तो धुऊन, पुसून, शिक्का मारून कपाटात ठेवला असता.

पण खरं सांगू? वाचून जरा हेवा वाटला. तुमच्या पाठीचा विचार करायला कोणाला तरी पगार मिळतो, ही गोष्ट काही लहान नाही. पैलवानाला म्हणावं, नाकं मुरडू नकोस.

सुतळीने तुला पुढे उभं केलं ते योग्यच केलं. माझी भाची आहेस. मीही नोकरीची शेवटची वर्षं स्टोअर सांभाळलं ते असंच, माणूस भरवशाचं म्हणून. सगळ्या हॉस्पिटलचं औषध-बँडेज एका माणसाच्या हातात देतात ते उगाच नाही.

आता माझं एक काम कर. तो व्यायाम मला नीट लिहून पाठव, आधी काय, मग काय, सगळं. आमच्या इमारतीतल्या बायका दुपारी खालच्या हॉलमध्ये बसून एकमेकींच्या सुनांची हाडं मोजतात. त्यापेक्षा स्वतःची मोजलेली बरी. मी शिकवीन. शिकवायची सवय काही जात नाही.

तुझी मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू शिकवायला निघालीस हे वाचून त्या बायकांची दया आली. त्यांना माहीत नाही कोणाशी गाठ आहे.

घे, लिहून घे. पाय खांद्यांइतके लांब ठेवून उभं राहायचं. मान आधी उजवीकडे वळवायची, मग डावीकडे, कुणी हळूच हाक मारल्यासारखी. झटका द्यायचा नाही. मग दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलायचे आणि सोडून द्यायचे, "मला काय त्याचं" म्हणताना आपण करतो तसं. मग हात. उजवा हात कानाला घासून सरळ वर न्यायचा, डावा समोरून खांद्यापर्यंत आणायचा आणि श्वास सोडत दोन्ही खाली. मग कमरेवर हात ठेवून थोडं मागे झुकायचं. हे तू करू नकोस. मग पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकायचं आणि उठायचं, जमिनीवरची टोपली उचलल्यासारखं. शेवटी भिंतीला तळवे टेकून तिला ढकलायचं. भिंत हलली तर काम थांबवायचं, असं पैलवान म्हणते.

गंमत म्हणजे आमच्यापेक्षा रुग्णांनाच याचा नाद लागला आहे. वॉर्डाचं दार उघडं असतं, त्यामुळे पहिल्या चार खाटांना सगळं दिसतं. दाराजवळच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक आहेत, मांडीचं हाड मोडून आलेले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते पडल्या पडल्या आकडे मोजतात आणि कोणी आळस केला की तिथूनच टोकतात. धाकटीला परवा म्हणाले, "मुली, गुडघ्यांत वाक, नुसती मान वाकवून फळ्यावरचं लिहिता येतं, माणूस उचलता येत नाही." सगळा वॉर्ड हसला.

आणि खरंच फरक पडतो आहे. धाकटीची मान सुटली. पैलवान अजून कुरकुर करते, पण यायची चुकत नाही. मला वाटायचं हे चार दिवसांचं खूळ आहे. आता सकाळी माझ्यामागे सगळ्या जणी एका रांगेत, एका दमात हात वर नेतात, त्यांचा तो एकत्र श्वास ऐकून मला फार बरं वाटतं. आम्ही कधी सगळ्या एकदम काही करत नाही गं. एकमेकींना फक्त धावताना पाहतो.

बाकी ठीक. केस कापून टाकले, मानेपर्यंत. धुवायला, विंचरायला सोपं. आरशात मी अगदी दादासारखी दिसते, त्याला सांगू नकोस.

तुझी छकुली


१४ फेब्रुवारी

छकुले,

तुझ्या पत्राप्रमाणे वर्ग सुरू केला. हॉलमध्ये आम्ही सात जणी. मागे झुकायचं तेवढं मी करत नाही, फक्त सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

काल सूनबाई वर्गाला आली. आमची सूनबाई बोलते कमी, बघते जास्त. व्यायाम झाल्यावर म्हणाली, "सासूबाई, डावा हात अर्धाच का न्यायचा? डाव्या खांद्याने काय पाप केलंय?"

मी म्हटलं, पत्रात तसंच लिहिलंय. पत्र काढून दाखवलं. तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली. मी तिथेच बसून राहिले. पत्राचा शेवट, तो केसांचा, परत वाचला.

लहानपणी तुझ्या वेणीला कात्री लावायची म्हटली की तू पलंगाखाली जाऊन बसायचीस. लग्नात सगळ्यांनी सांगितलं, तरी टोकंसुद्धा कापू दिली नाहीस. त्या मुलीने मानेपर्यंत केस कापले आणि मला सांगते, विंचरायला सोपं. वेणी घालायला दोन हात डोक्यामागे न्यावे लागतात, छकुले. मी नर्स होते. माणूस कुशीवर वळताना कसं वळतो, यावरून त्याला कुठे दुखतंय ते मी ओळखायचे. आणि एवढी शिकलेली कवायतबाई दोन हातांत असा भेदभाव शिकवेल, हे मला पटत नाही.

डावा खांदा कधीपासून दुखतोय? हात कुठपर्यंत वर जातो? झोपेत त्या कुशीवर वळलीस तर जाग येते का? नीट उत्तर दे. मी विचारतेय ते मावशी म्हणून नाही, हेड नर्स म्हणून.

मावशी


५ मार्च

छकुले,

उत्तर नाही. पोस्टमन रोज माझ्यापुढून मान खाली घालून जातो, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही.

मावशी


१० मार्च

प्रिय मावशी,

कामात होते. दोघी जणी रजेवर आहेत, खाटा भरलेल्या आहेत. खांद्याला काही झालेलं नाही. थंडीने आखडतो, एवढंच. तू एका ओळीवरून डोंगर उभा केलास.

तुला काळजी वाटते हे मला कळतं. पण एक विनंती आहे. मेट्रनबाईंना लिहू नकोस. त्या तुला अजून घाबरतात आणि तुझं पत्र आलं तर दुसऱ्या दिवशी मला हलकं काम देतील. हलकं काम म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. आमच्याकडे एक होती, तिच्यासारखी शीर कोणाला सापडायची नाही. लहान मुलांना सुई टोचायची असली की सगळे वॉर्ड तिला बोलवायचे. मनगट दुखतंय असं तिने एकदाच सांगितलं. "थोडे दिवस आराम" म्हणून तिला तळमजल्यावर स्टोअरमध्ये बसवलं. अजून तिथेच आहे. भेटली की विचारते, "वर काय चाललंय?" मला तिच्याशी बोलताना कसंतरीच होतं.

मला वॉर्ड सोडून दुसरं काही येत नाही, आणि यायलाही नको आहे. सकाळी दारातून आत पाऊल टाकलं की कोणीतरी म्हणतं, "आल्या सिस्टर." आणि जो माणूस रात्रभर कण्हत असतो, त्याची उशी नीट केली की तो डोळे मिटतो. एवढ्यासाठी मी येते. ते गेलं तर माझ्याजवळ काय राहतं?

तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकायला हात वर करावा लागत नाही.

छकुली


१६ मार्च

छकुले,

शेवटी विनोद केलास म्हणून बरं वाटलं. आणि शेवटी कबूलही केलंस, तेही बरं झालं.

आता माझं ऐक. हलकं काम म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, असं तू लिहिलंस. मला स्टोअर मिळालं ती बढती नव्हती. माझा मणका सरकला होता. साऱ्या नातेवाइकांत मीच सांगत सुटले की स्टोअरचा कारभार मला दिला. तुझ्या आईनेही तेच मानलं. एका सकाळी मी एका बाईला खाटेवरून खुर्चीत घेत होते आणि तिच्यासकट खाली बसले. पुन्हा उठता आलं नाही. दोघींना उचलायला माणसं बोलवावी लागली. त्यानंतर मला वॉर्डात कोणी ठेवणार होतं का?

स्टोअरमध्ये काम वाईट नसतं. माणसंही चांगली होती. पण तिथून कापूस वर जातो, बँडेज वर जातं आणि तो माणूस बरा झाला की नाही ते खाली कधी कळत नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. कोणाला सांगितलं नाही. अजून घरात चपलेचा पट्टा मला लावता येत नाही, सूनबाई लावते. ती हे कोणाला सांगत नाही म्हणून मी तिला कधी रागावत नाही.

तुला वाटतं, तुझ्या त्या शीर सापडणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून ती खाली गेली. मी सांगते, मी न सांगता राहिले म्हणून गेले. त्या सकाळच्या आधी कितीतरी महिने माझी पाठ मला सांगत होती. तेव्हा बोलले असते तर निदान पाठीचं काही करता आलं असतं. मी दुखणं अंगावर काढलं आणि दुखण्याने मला वॉर्डातून काढलं.

सुतळीला मी लिहिणार नाही. तुझ्या खांद्याबद्दल तूच बोलायचं. मी तुला ओरडतेय असं वाटेल, पण मी घाबरले आहे. तुझ्या हातात कधीतरी माणूस असेल आणि हात ऐकणार नाही.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

तू लिहिलंस तसंच झालं. आधी हे सांगते की कोणाला काही लागलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. मास्तर खाटेवर खाली घसरले होते, त्यांना वर घ्यायचं होतं. नेहमीप्रमाणे मी काखेखाली हात घातला आणि ओढलं. डावा हात एकदम रिकामा झाला. दुखलं असंही नाही, हात होता आणि नव्हता. मास्तर एका बाजूला कलंडले, ऑपरेशनचा पाय खाटेच्या कडेबाहेर गेला. शेजारच्या खाटेजवळ धाकटी होती. तिने झेप घेतली आणि चादरीसकट त्यांना धरलं. डॉक्टरांनी पायाचा फोटो काढायला लावला. सगळं जागच्या जागी होतं. मास्तर मला म्हणाले, "सिस्टर, मीच नीट धरलं नाही." म्हणजे पडता पडता वाचलेल्या माणसाने माझी चूक स्वतःवर घेतली. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

दोन दिवसांनी सकाळी कवायतबाई वॉर्डवॉर्डातून तपासणी करत आमच्याकडे आली, सोबत मेट्रनबाई. आम्ही रांगेत उभ्या होतो, मी पुढे, पाठ रांगेकडे. मान झाली, खांदे झाले. हात सुरू झाले आणि कवायतबाई म्हणाली, "एक मिनिट. परत करा."

आम्ही परत केलं.

मावशी, मी पुढे असते, पाठ करून, त्यामुळे हात करताना मला रांग कधी दिसली नव्हती. त्या दिवशी मी वळून पाहिलं. सगळ्यांचा उजवा हात छताकडे आणि सगळ्यांचा डावा हात खांद्याशी थांबलेला. पैलवानाचाही. धाकटीचाही, जिचे दोन्ही हात पंख्याला लागतील. अख्ख्या वॉर्डाला माझा खांदा झाला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"हे असं कोणी शिकवलं?" कवायतबाईने विचारलं.

धाकटी निरागसपणे म्हणाली, "असंच आहे ना? डावा खांद्यापर्यंत. ताई रोज असंच घेतात."

आतून मास्तरांचा आवाज आला, "बरोबर आहे. पहिल्यापासून असंच चालू आहे."

कवायतबाई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुमचा थोडा गोंधळ झाला वाटतं. होतं असं. दोन्ही हात वर न्यायचे."

मला सुटायला वाट करून दिली तिने. "हो, विसरले," एवढंच म्हणायचं होतं. मेट्रनबाईही पुढच्या वॉर्डाकडे वळल्या होत्या. मला मास्तरांचा तो पाय दिसला, खाटेच्या बाहेर आलेला. मी म्हटलं, "नाही. गोंधळ नाही. माझा हात वर जात नाही."

कवायतबाईने माझा हात हातात घेतला आणि हळूहळू वर नेला. खांद्याच्या वर जाताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लगेच खाली आणला. "किती महिने झाले?" "वर्ष होत आलं," मी म्हटलं. मेट्रनबाई परत आल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की आता काय होणार. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू खाली स्टोअरमध्ये बस. खांदा बरा होईपर्यंत."

मी मान हलवली.

तेवढ्यात चर्रर्र असा आवाज झाला. पैलवान रांगेत मागे उभी होती. तिने गणवेशाच्या आत हात घालून कमरेचा पट्टा सोडवला, तो रुंद, चिकटणारा असतो ना, तो. बाहेर काढून कवायतबाईसमोर धरला. "मग मलाही खाली पाठवा. हा दोन वर्षं आहे माझ्या कमरेला. आंघोळ सोडून काढत नाही."

मग एक जण म्हणाली, तिला सकाळी मूठ वळत नाही. दुसरी म्हणाली, ती गोळी घेतल्याशिवाय ड्यूटीवर येतच नाही. एकेक करत सगळ्या बोलल्या, कोणी रडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. सांगण्यासारखं दुखणं नव्हतं ते फक्त धाकटीला, आणि तिला त्याची लाज वाटत असावी असं दिसत होतं.

मेट्रनबाईंनी पैलवानाच्या हातातून तो पट्टा घेतला. मग म्हणाल्या, "स्टोअरमध्ये खुर्च्या दोनच आहेत."

त्यानंतर काय ठरलं ते सांगते. मला तीन महिने काही उचलायचं नाही, पण वॉर्डातच राहायचं. औषधं, सलाइन, जखमा, कागद, सगळं करायचं. कोणताही रुग्ण कोणी एकटीने उचलायचा नाही. दोघी-तिघींनी मिळून आणि त्याच्या अंगाखाली सहज सरकणारी गुळगुळीत चादर घालूनच. व्यायाम ड्यूटीच्या आधी नाही, ड्यूटीच्या वेळेतच. वरचे साहेब आधी कुरकुरले. मेट्रनबाई तो पट्टा घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या आणि पट्टा त्यांच्या टेबलावर सोडून, होकार घेऊन बाहेर आल्या. पैलवानाला नवीन पट्टा द्यायचं मात्र कवायतबाईने नाकारलं. तिच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू आधी तयार करायचे म्हणते.

हे तीन महिने सरल्यावर काय होईल ते मला माहीत नाही. हात सुधारला नाही तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. मेट्रनबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं आहे.

तुझी छकुली


९ एप्रिल

माझ्या छकुले,

खुर्च्या दोनच आहेत, हे वाचून इतकी हसले की सूनबाई धावत आली. मग रडले. ती शेजारी बसून राहिली.

सुतळीला मी उगाच नावं ठेवली. तिला माझा नमस्कार सांग.

आमच्या वेळी सगळ्यांच्याच पाठी दुखत असणार, नाही का? आम्ही रोज एकत्र डबा खायचो. एकीने तोंड उघडलं असतं तर इतर सगळ्या बोलल्या असत्या. मला तेव्हा वाटायचं, मी एकटीच कच्ची आहे.

कवायतबाई सांगेल तेवढंच कर, चार जास्त करू नकोस. आपल्या घराण्याला तेवढं एक व्यसन आहे.

मावशी

ता. क. हॉलमधल्या बायकांना डावा हात पूर्ण वर न्यायला सांगितलं. दोघींना जमला नाही. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं.


२० जुलै

प्रिय मावशी,

तीन महिने झाले. काल कवायतबाईने हात मोजला. कपाळाच्या वर जातो, कानाला घासत नाही. ती म्हणाली, अजून वर जाईल, पण पहिल्यासारखा जाईलच असं वचन देणार नाही. सगळ्यांसोबत मिळून उचलायला हरकत नाही, एकटीने कधीच नाही. मेट्रनबाईंनी कागदावर सही केली. मी वॉर्डातच आहे.

व्यायाम आता धाकटी घेते. मी मागच्या रांगेत पैलवानाशेजारी उभी असते. मास्तर काठी टेकत घरी गेले. जाताना धाकटीला सांगून गेले, "गुडघे, मुली, गुडघे."

पण मला तुला वेगळंच सांगायचं आहे. उचलायची मनाई होती तेव्हा मला कवायतबाईने एक काम दिलं होतं. दोघी-तिघी रुग्णाला हलवत असतील तेव्हा मी त्याच्या डोक्याशी उभं राहून त्याला सांगायचं, आता उचलतोय, आता ठेवतोय. मला ते काम म्हणजे समजूत घातल्यासारखं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी एका आजोबांना ट्रॉलीवर घ्यायचं होतं. मी डोक्याशी उभी राहिले. तिघींनी चादर धरली, उचललं, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला.

ते घाबरतात, मावशी. अंगाखालून खाट सुटते त्या क्षणी माणूस इतका घाबरतो की त्याचं तोंड उघडं राहतं. वीस वर्षं मी माणसं उचलली आणि हे मला माहीत नव्हतं. उचलताना माझा श्वास कोंडलेला असायचा, दात आवळलेले असायचे आणि तोंड त्यांच्या खांद्याआड असायचं. मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

तुलाही माहीत नसेल, म्हणून लिहिलं. काल उचलायची परवानगी मिळाली. आज सकाळी एका माणसाला वर घ्यायचं होतं, पैलवान म्हणाली, "ये, धर." मी म्हटलं, "धाकटीला बोलव, तुम्ही दोघी धरा." आणि मी डोक्याशी जाऊन उभी राहिले. मी त्याचा हात धरला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांनी त्याला उचललं.

तुझी
छकुली